होडीचं मासिक घरी येण्याआधी

तुमच्या घरात कुणाला होडीचा नाद लागला असेल, तर हे जरा सवडीने वाचा.

नाद कुठूनही लागतो. उरणची लोकल बेलापूर सोडून खाडीवर येते आणि खिडकीला नाक लावून बसलेला पोरगा विचारतो, "बाबा, आपली होडी का नाही?" कुणी तारकर्लीला कयाक वल्हवून येतं. कुणी निवृत्त होतं आणि म्हणतं, आता वेळच वेळ आहे. मग मोबाइलवर व्हिडिओ सुरू होतात. शेवटी घरात ठरतं की एखादं मासिक लावू या.

मोठ्या दुकानांत मिळतात ती मासिकं इंग्रजी. गुळगुळीत कागद, पांढऱ्याशुभ्र बोटी, निळंशार पाणी. आपल्या पनवेलच्या खाडीचं पाणी तसं नाही. ते गढूळ आहे. दिवसातून दोनदा निघून जातं आणि मागे कमरेएवढा चिखल ठेवतं. त्या मासिकातली बोट विकत घेण्याइतके पैसे तुमच्या-माझ्याकडे नाहीत, आणि असते तरी ती इथे ठेवणार कुठे?

उद्या चार हौशी माणसं मिळून मराठीत छोटंसं त्रैमासिक काढतीलही. वर्गणीसाठी दारात उभी राहतील. त्यांना हाकलू नका. पैसे द्या. पण देताना एवढं बजावा: आमच्या पाण्याचं लिहा, आणि आमच्या खिशाला परवडेल ते लिहा.

म्हणजे नेमकं काय मागायचं, ते सांगतो.

पहिली मागणी भरतीच्या पानाची. अंकात बाकी काही नसलं तरी चालेल, हे पान हवंच. पुढच्या तीन महिन्यांतल्या भरती-ओहोटीच्या वेळा आणि पाण्याची उंची. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी हे आकडे छापतो. तेव्हा मासिकाला ते मिळवणं अवघड नाही. पण नुसते मुंबईचे आकडे देऊन त्यांनी हात झटकले, तर तुम्ही विचारा: पनवेलच्या खाडीत आत पाणी किती उशिरा पोचतं? कामोठ्याच्या बाजूला किती, गाढी नदीच्या तोंडाशी किती? हे कुणा संपादकाला टेबलावर बसून कळणार नाही. कोळीवाड्यात जाऊन विचारावं लागेल. विचारायला लावा.

तोवर तुमच्या भिंतीवर दिनदर्शिका आहे ना? तिच्यावरून काम भागतं. कोकणातली जुनी माणसं तिथीवरून भरती सांगतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, दिवसाचीही आणि रात्रीचीही. चतुर्थीला तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरून चाला. मुलांना हा हिशेब जरूर शिकवा. पाऊणकीचा पाढा पाठ करायला एवढं चांगलं कारण पुन्हा मिळायचं नाही.

भरतीपासून ओहोटीला सहा तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. पण पाणी सगळा वेळ सारख्या वेगाने उतरत नाही, आणि हे नव्या माणसाला ठाऊक नसतं. एकूण उताराचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग उतरतो. दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे पाणी चार मीटर उतरायचं असेल, तर पहिल्या तासात फूटभरच कमी होतं. तुम्ही म्हणता, अजून भरपूर पाणी आहे, आणखी पुढे जाऊ. तिसऱ्या तासात तेच पाणी मीटरभर खाली जातं. होडी चिखलावर बसते.

तसं झालं तर घाबरू नका. पण खाली उतरूही नका. तिवरांच्या कडेचा चिखल मांडीपर्यंत ओढतो, आणि धडपडलं की आणखी ओढतो. होडीतच बसून राहा. पाणी परत येतं. फक्त त्याला वेळ लागतो. सहाला येतो म्हणून गेलेला माणूस रात्री अकराला घरी येतो, आणि तोवर घरच्यांनी पोलीस ठाणं गाठलेलं असतं. म्हणून पिण्याचं पाणी जास्त न्या, विजेरी न्या, आणि कुठे जाताय ते घरात कुणाला तरी नीट सांगून जा.

उधाण आणि भांग यांतला फरकही मासिकाने दर अंकात सांगावा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप चढतं, खूप उतरतं, आणि ओढ जबर असते. अष्टमीच्या आसपास भांग. चढउतार कमी, ओढ कमी. वल्हं नुकतंच हातात धरलेल्या माणसाने भांगाचा दिवस निवडावा. साधी गोष्ट आहे. पण सुट्टी रविवारी मिळते, आणि रविवार तिथी बघून येत नाही. अशा वेळी रविवार सोडायचा.

वाऱ्याचंही तसंच. खारे वारे आणि मतलई वारे तुम्ही शाळेच्या भूगोलात वाचलेत. परीक्षेत दोन गुणांचा प्रश्न असायचा. आपल्या खाडीत तो रोज घडतो. पावसाळा संपला की पहाटे वारा जमिनीकडून येतो, दुपारनंतर समुद्राकडून. दुपारी ओहोटी बाहेर निघालेली आणि खारा वारा समोरून आत येणारा, अशी गाठ पडली की खाडीत आखूड, उभ्या लाटा उठतात. लहान होडी त्यात भिजते, कधी उलटते. मासिकाने ही गोष्ट आपल्या खाडीचा नकाशा काढून दाखवावी. इंग्लंडच्या किनाऱ्याचं चित्र उचलून नको.

दुसरी मागणी जरा कडू आहे. अपघातांचं पान मागा.

हौशी मासिकांना हे पान आवडत नाही. वाचक घाबरतील, जाहिराती जातील, असं त्यांना वाटतं. तुम्ही आग्रह धरा. अपघात कसा झाला, पाणी काय होतं, वारा काय होता, माणसं किती होती, अंगात जॅकेट होतं का, एवढं सरळ लिहायचं. नावं नकोत, दोषारोप नकोत.

आपल्या किनाऱ्याला हा धडा फार महागात पडला आहे. १७ जुलै १९४७. अमावास्येचा दिवस. भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. लाट आदळल्यावर माणसं घाबरून एका अंगाला धावली आणि बोट कलंडली, असं आजही रायगडातल्या घरांत सांगतात. आपल्या भागात अशी कितीतरी घरं आहेत, जिथे आजोबा किंवा आत्या 'रामदास'वर होती.

आणि अगदी अलीकडचं. १८ डिसेंबर २०२४. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची वेगवान बोट धडकली. पंधरा जीव गेले. दिवसाउजेडी, हिवाळ्यात, वादळ नसताना. धडक बसली तेव्हा बहुतेक प्रवाशांच्या अंगात जॅकेट नव्हतं.

दोन्ही बोटी मोठ्या होत्या. तुमची होडी लहान असेल. पण तीन गोष्टी सारख्या आहेत. जास्त माणसं घेऊ नका. काही झालं तर एका बाजूला धावू नका, खाली बसा. आणि जॅकेट सीटखाली ठेवू नका, अंगात घाला.

जॅकेटचं जरा सविस्तर सांगतो, कारण बाजारात त्याच्या नावाखाली काहीही विकतात. चांगल्या जॅकेटवर ५०, १०० किंवा १५० असा आकडा असतो. ५० म्हणजे काठाजवळ, पोहता येणाऱ्यासाठी. त्यात माणूस तरंगतो, पण बेशुद्ध झाला तर तोंड पाण्यावर राहील याची हमी नाही. १०० आणि १५० ची जॅकेटं माणसाला उताणं करायला बनवलेली असतात. आकडाच नसेल तर घेऊ नका, कितीही स्वस्त असो. लहान मुलाला मोठ्याचं जॅकेट कधीच घालू नका. ते वरून निसटतं. मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असतो, तो बघून घ्या आणि बांधा. घरी घालून खांद्याशी धरून वर उचलून बघा. हनुवटीच्या वर सरकत असेल तर परत करा.

मासिकाने दरवर्षी बाजारातली चार-पाच जॅकेटं विकत आणावीत, पाण्यात टाकून बघावीत आणि निकाल छापावा. विकत आणावीत, फुकट मागून घेऊ नयेत. फुकट आलेल्या वस्तूबद्दल खरं लिहिणं कुणालाही जड जातं.

आता पैशांचं.

होडीची किंमत सगळे सांगतात. होडीचा खर्च कुणी सांगत नाही. तुम्ही मासिकाला तो मागा. होडी ठेवायला जागा कुठली? सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठेवली तर चिटणीस काय म्हणतील? धक्क्यापर्यंत नेणार कशावरून? टेम्पोचं भाडं किती? पावसाळ्यात ताडपत्री, दरवर्षी रंग, इंजिन असेल तर त्याची देखभाल. खाऱ्या पाण्यातून आलं की प्रत्येक वेळी इंजिन गोड्या पाण्याने धुवावं लागतं. आणि उन्हाळ्यात आपल्याकडे गोडं पाणी किती येतं, ते तुम्ही मला सांगायला नको.

म्हणून म्हणतो, पहिली होडी विकत घेऊच नका. भाड्याने घ्या. एखाद्या क्लबात जा. दोन हंगाम बघा. घरातला उत्साह दिवाळीपासून होळीपर्यंत टिकला, तर मग पुढचं बोलू. मासिकात जुन्या होड्यांच्या खरेदी-विक्रीचं पान असावं, आणि त्यात "का विकताय?" हा रकाना असावा. त्या रकान्यातून तुम्हाला अख्ख्या लेखापेक्षा जास्त कळेल.

स्वतः बांधायची हौस असेल तर ती मात्र करून बघण्यासारखी आहे. १९६३ मध्ये इंग्लंडात 'डेली मिरर' या वर्तमानपत्राने एक लहान शिडाची होडी लोकांपुढे आणली. तिचा आराखडा जॅक होल्ट आणि बॅरी बक्नेल यांचा. बक्नेल हे टीव्हीवर घरगुती सुतारकाम शिकवणारे गृहस्थ. प्लायवुडचे कापलेले तुकडे, तांब्याच्या तारेने एकमेकांना शिवायचे आणि सांध्यावर काचेच्या धाग्याची पट्टी राळेने चिकटवायची. किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. शाळामास्तर, कारकून, बसचालक यांनी ती आपल्या गॅरेजमध्ये, कुणी बैठकीच्या खोलीत बांधली. आजवर सत्तर हजारांच्या घरात त्या होड्या झाल्या. एका वर्तमानपत्राने हे केलं. पुढे १९६७ मध्ये 'प्रॅक्टिकल बोट ओनर' नावाचं मासिक तिथे निघालं. ते आपल्या होडीची दुरुस्ती आपणच करणाऱ्या माणसासाठी आहे, आणि आजही चालू आहे. चकचकीत बोटींची मासिकं ज्या देशात ढिगाने निघतात, तिथेही साध्या माणसाला स्वतःचं मासिक लागलंच.

आपल्याकडे अडचण काय आहे? फारशी नाही. पाण्यात टिकणाऱ्या प्लायवुडला '७१०' म्हणतात, हे तुमच्या सुतारालाही माहीत आहे. भारतीय मानकाचा तो आकडा आहे. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली तेच वापरतात. पनवेलच्या प्लायवुडच्या दुकानात मागितलं की मिळतं. राळ आणि काचेचा धागा मुंबईत मिळतो. मराठीत एक चांगला, पायरीपायरीचा लेख हवा, मापं मीटरमध्ये आणि फुटांत दोन्ही. तो दोन वर्षांतून एकदा छापला तरी पुरे. राळेचं काम मात्र बंद खोलीत करू नका, हातमोजे घाला, आणि घरात तान्हं मूल असेल तर गच्चीवर करा. तो वास दिवसेंदिवस जात नाही.

तिसरी गोष्ट मागताना जरा जोर लावा. कोळी आणि आगरी माणसांचं लिखाण मागा.

पनवेल हे मुळात बंदर. पुण्याची रेल्वे होण्याआधी मुंबईचा माणूस पुण्याला निघाला की होडीने पनवेलला उतरायचा आणि बोरघाट चढायचा. गाड्या जातील असा घाटाचा रस्ता १८३० मध्ये खुला झाला. आपली नगरपालिका १८५२ मध्ये झाली, राज्यातल्या सगळ्यात जुन्यांपैकी. हे सगळं धक्क्याच्या जोरावर उभं राहिलं. आता धक्का विसरला गेला, गाळ साचला, विमानतळ आला, पण कोळीवाडा आहे. तिथल्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या कप्तानाला, खाडीचा तळ हाताच्या रेषांसारखा पाठ आहे. कुठे खडक, कुठे भराव टाकल्यापासून पाणी उथळ झालं, कुठल्या पुलाखाली ओढ लागते.

मासिकवाले अशा माणसाकडे जातात, फोटो काढतात, "निसर्गाशी नातं" वगैरे लिहितात आणि निघून येतात. त्यात तांडेलाचं नाव नसतं आणि मानधनही नसतं. तुम्ही वाचक म्हणून विचारा, पैसे दिलेत का? माहिती हे त्याचं भांडवल आहे. त्याने सांगावं, एखाद्या शिकलेल्या पोराने किंवा पोरीने त्याच्या बोलीत उतरवून घ्यावं, आणि त्याच्या नावाने छापावं. आगरी बोलीत असेल तर तशीच ठेवावी. वाचकाला कळते.

आणि पाण्यात गेलात की त्यांच्या वाटेतून बाजूला व्हा. तुम्ही हौसेला आलात, ते पोटाला आलेत. जाळ्याच्या तरंगत्या खुणा दिसल्या की लांबून वळा. जाळ्यावरून इंजिन घातलंत तर त्यांचे हजारो रुपये जातात आणि तुमच्या पंख्यात दोर अडकून तुम्हीही तिथेच राहता. सोडवायला तेच येतात. तेव्हा काय तोंड दाखवाल?

नियमांचं थोडक्यात. होडीची नोंद, परवानगी, इंजिन असेल तर कागदपत्रं, हे सगळं महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात विचारा. "इथे सगळेच अशीच नेतात" हे कुणी सांगितलं तर त्याच्यावर विसंबू नका. आपल्या आसपासच्या पाण्यात न जायच्या जागा बऱ्याच आहेत. जेएनपीए बंदर, करंजाचा नौदलाचा तळ, ट्रॉम्बेचं अणुसंशोधन केंद्र. विमानतळाच्या बाजूनेही आधी विचारून घ्या. तुम्ही निरागस मनाने गेलात तरी समोरच्या पहारेकऱ्याला ते कसं कळणार? मासिकाने वर्षातून एकदा लाल रंगाने भरलेला साधा नकाशा द्यावा. फ्रिजवर लावता येईल एवढा. त्यावर दोन क्रमांकही छापावेत: तटरक्षक दलाचा १५५४ आणि पोलिसांचा ११२. ते आत्ताच तुमच्या फोनमध्ये घालून ठेवा.

पावसाळ्याचा अंक आला की त्यात पाण्यात जायचं एकही चित्र नको. जून-जुलैत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीही बंद असते. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ती माणसं होड्या ओढून घेतात आणि नारळी पौर्णिमेची वाट बघतात. तुम्हाला कसली घाई? त्या दिवसांत गाढेश्वरला, धरणाच्या भिंतीवर, ओढ्यात होडी किंवा हवेची ट्यूब घेऊन जाऊ नका. दरवर्षी पनवेल तालुक्यात पावसाळी सहलीला आलेली तरुण मुलं बुडतात, आणि बातमीत नेहमी एकच वाक्य असतं, पाण्याचा अंदाज आला नाही. पावसाळ्याचा अंक दुरुस्तीचा असावा. होडी पालथी कशी घालायची, फटी कशा बुजवायच्या, दोराच्या गाठी कशा मारायच्या. चार गाठी आल्या की वर्षभराचं काम होतं, आणि त्या शिकायला बुटाची जुनी नाडी पुरते.

ही चार महिने घरात बसायची सुट्टी पोहणं शिकण्यात घालवा. मुलगा असो वा मुलगी. सासूबाई असोत. होडीत बसणाऱ्या प्रत्येकाला निदान दहा मिनिटं पाण्यावर राहता आलं पाहिजे, मग जॅकेट असलं तरीही.

लांबच्या सफरींच्या गोष्टी मासिकात असाव्यात का? असाव्यात. मलाही आवडतात. कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीला फेरी मारून आले, असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांची 'म्हादेई' गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली. पुढे नौदलातल्या सहा जणींनी 'तारिणी'वरून २०१७-१८ मध्ये तीच फेरी केली. हे मुलांना वाचून दाखवा. मुलींना तर आवर्जून.

पण प्रत्येक अंकात एकच अशी गोष्ट. कारण वाचक त्यात रमतो आणि अंक मिटतो, हाताला काही लागत नाही. त्यापेक्षा दत्तू भोकनळची गोष्ट सविस्तर सांगा. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा हा मुलगा. तिथे पाण्याचाच दुष्काळ. सैन्यात गेल्यावर त्याने वल्हं हातात घेतलं, आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला नौकानयनात देशाकडून उतरला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत सुवर्ण मिळवलं. त्याने सराव कसा केला, पाठ कशी सांभाळली, हाताला फोड आले तेव्हा काय केलं, हे विचारून छापा. वल्हवणारा कुणीही माणूस ते दोनदा वाचेल. होडीची हौस साहेबांची, श्रीमंतांची, असं ज्यांना वाटतं त्यांनी तर जरूर वाचावं.

जाहिरातींबद्दल एकच सांगतो. जाहिराती असू द्या, त्याशिवाय मासिक चालत नाही. पण जाहिरात कुठली आणि लेख कुठला हे तुमच्या आईला चष्मा लावून ओळखता आलं पाहिजे. नाही आलं, तर पुढच्या वर्षीची वर्गणी थांबवा आणि का थांबवली ते कळवा.

कळवा म्हणजे खरंच लिहा. आपल्या लोकांची सवय अशी की अंक आवडला तर गप्प, नाही आवडला तर बंद. संपादकाला काही समजत नाही. तो मग आपल्याला सुचेल ते छापतो, आणि त्याला सहसा सूर्यास्ताचे फोटो सुचतात.

पत्र चार ओळींचं चालेल. पोस्टकार्ड असो, मोबाइलवरचा निरोप असो. शुद्धलेखनाची काळजी करू नका. तुम्ही कुठे राहता ते लिहा, म्हणजे कुठल्या पाण्याबद्दल छापायचं ते त्यांना कळेल. घरात किती जणांना पोहता येतं ते लिहा. गेल्या अंकातलं कुठलं पान उपयोगी पडलं आणि कुठलं वाचून डोक्यावरून गेलं, तेही लिहा. कुठल्या धक्क्यावर पायऱ्या तुटल्या आहेत, कुठे शेवाळ आहे, कुठे उतरायला कुणी पैसे मागतं, हे तुम्हालाच ठाऊक असतं. ते कळवलंत तर दुसऱ्या कुणाचा पाय वाचेल.

आणि शेवटी कुठली होडी आहे ते लिहा. नसेल तर "होडी नाही" असं स्पष्ट लिहा, संकोच करू नका. माझा अंदाज आहे की असं लिहिणारेच जास्त निघतील. तसं झालं तर संपादकाला पुढच्या अंकात नव्या बोटींच्या किमतींऐवजी भाड्याच्या होड्यांचे दर आणि शिकवणाऱ्यांचे पत्ते छापावे लागतील.